गाडीचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) खराब झालाय, साफ करून चालेल की नवा घ्यावा? कमी खर्चात काय करता येईल?

नवाच घ्या, पण शोरूमच्या डब्यातला नाही; बॉश, डेन्सो किंवा एनटीके यांचा तुमच्या मॉडेलचा सेन्सर बाहेरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बहुतेकदा स्वस्त मिळतो. पेट्रोलने धुऊन किंवा जाळून साफ करणं फुकट जातं: आतला हीटर जळाला असेल (स्कॅनरवर दोषाचा कोड पी ०१३५ असेल तर तीच शंका) किंवा टोकावर सिलिकॉन बसलं असेल, तर घासून काही होत नाही.

गॅरेजचं काम करताना पाहिलंय, अर्ध्या वेळा दोष सेन्सरचा नसतोच. आधी फ्यूज, उंदराने कुरतडलेली वायर आणि सायलेन्सरच्या पाइपाची गळती बघा; ते फुकटात होतं.

तुटलेली वायर जोडायची असेल तर सोल्डर नको, क्रिम्प करा (धातूची छोटी नळी दाबून जोडा). कारण बऱ्याच सेन्सरना धुराशी तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. चार वायरींचा युनिव्हर्सल (अनेक मॉडेलना चालणारा) सेन्सर जोडला तर आणखी पैसे वाचतात, फक्त पाच-सहा वायरींच्या वाइडबँड सेन्सरच्या जागी तो चालत नाही. उघडताना इंजिन थोडं कोमट ठेवा, नाहीतर आटे निघतील.