हातातून की पायातून? बाबांच्या अँजिओग्राफीबद्दल

ताई, तुमची अडचण समजली. बाबांना दारव्ह्याहून नागपूरला अँजिओग्राफीसाठी, म्हणजे धमनीतून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायला, न्यायचंय. डॉक्टर म्हणतात मनगटातून करू, आणि बाबा अडून बसलेत की पायातूनच, म्हणजे जांघेतून करा, कारण गावात एकाचा हात त्यानंतर बधिर झाला म्हणे. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक होतो, आता निवृत्त आहे. माझी स्वतःची अँजिओग्राफी 2011 साली जांघेतून झाली आणि 2019 साली अँजिओप्लास्टी (तशीच नळी घालून हृदयाची अडलेली रक्तवाहिनी मोकळी करणं) मनगटातून. दोन्ही भोगून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांच्या भीतीला आधी मान द्या. ज्या माणसाचं आयुष्य डवरण्यात आणि कापूस वेचण्यात गेलं, त्याला "हाताला काही होत नाही हो" असं नुसतं म्हणून भागत नाही. माझे सासरे हेच म्हणायचे, "माह्या हाताले काई झालं त वावरात कोन जाईन?" पाय थोडा लंगडला तर चालेल, हात गेला तर घर बसलं, असा त्यांचा हिशेब. कास्तकाराच्या घरात तो चुकीचा नाही.

पण हाताची रचना बाबांना समजावून सांगा. पंजाला रक्त दोन धमन्यांतून येतं. अंगठ्याच्या बाजूची रेडियल, जिथे आपण नाडी बघतो, आणि करंगळीच्या बाजूची अलनार. पंजाच्या आत दोन्ही एकमेकींना जोडलेल्या असतात. नळी रेडियलमधून घालतात. नंतर काही जणांची ती धमनी बंद पडते हे खरं आहे, पण अलनार पंजाला पुरवठा करत राहते, म्हणून बहुतेकांना पत्ताही लागत नाही. अलनार चांगली चालते का हे आधी पाहताही येतं. मूठ घट्ट आवळायला लावून दोन्ही धमन्या दाबतात, मूठ उघडायला सांगून फक्त अलनार सोडतात आणि पांढरा पडलेला तळवा लाल व्हायला किती वेळ लागतो ते बघतात. बाबांसमोर ही तपासणी करून दाखवा अशी डॉक्टरांना विनंती करा. डोळ्यांनी पाहिलेल्यावर आपल्याकडच्या माणसाचा विश्वास लवकर बसतो.

त्रास अजिबात होत नाही असं मी म्हणणार नाही. माझी धमनी मध्येच आकसली होती, तेव्हा कोपरापर्यंत कळ गेली. औषध दिल्यावर सैल झाली. नंतर दहा-बारा दिवस हात मनगटाच्या वर निळा-काळा होता आणि विहिरीवरची बादली ओढताना पकड कमी वाटायची. महिन्याभरात सगळं पूर्ववत झालं. तुमच्या गावच्या त्या माणसाचं नेमकं काय झालं हे त्याला भेटूनच विचारा. अशा गोष्टी पारावर पोचेपर्यंत मोठ्या होतात.

आता जांघेचं. तिथली धमनी जाड आणि खोल असते. नळी काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं दाबून धरतात, मग चार-सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं. लघवी भांड्यात. साठीच्या, पाठ दुखणाऱ्या माणसाला हे सोपं नाही. मोठा धोका असा की रक्त आतल्या आत पोटामागे साठू शकतं आणि वरून काही दिसत नाही. मनगटात रक्त आलं तर लगेच दिसतं, अंगठ्याने दाबता येतं. 2011 सालच्या रायव्हल (RIVAL) या अभ्यासात 7,021 रुग्ण होते. त्यात रक्तवाहिनीची मोठी गुंतागुंत जांघेत शंभरात 3.7 जणांना झाली, मनगटात 1.4 जणांना. त्याच अभ्यासात मनगटातून झालेल्यांपैकी बहुतेकांनी पुढच्या वेळीही मनगटच मागितलं. जांघेतून झालेल्यांत पुन्हा जांघ मागणारे कितीतरी कमी होते.

माझ्या वेळी घरी सोडताना उकिडवं बसू नका हे कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी जीपने घरी आलो, सकाळी आपल्या नेहमीच्या संडासात बसलो आणि जांघेत लिंबाएवढी गाठ आली. परत नागपूर, परत दोन दिवस भरती. ज्यांच्या घरी खुर्चीचा संडास नाही त्यांनी पायातून करायचं ठरवण्याआधी हे ध्यानात घ्यावं. शहरातल्या डॉक्टरांच्या ते लक्षात येतंच असं नाही.

बायांचं आणखी वेगळं. माझ्या मोठ्या वहिनीला जांघ म्हटल्यावरच नको झालं. केस काढणं, लुगडं सोडणं, अनोळखी माणसं. मनगट म्हटलं तर हिरव्या बांगड्या आड आल्या. नवरा हयात असताना हात रिकामा कसा करायचा? शेवटी सिस्टरने साबणपाणी लावून उजव्या हातातल्या बांगड्या न फोडता काढल्या आणि तिथेच डाव्या हातात चढवल्या. पाच मिनिटांचं काम, पण ते केल्यावरच वहिनीने सही केली. त्या सिस्टरचे उपकार आम्ही विसरलो नाही.

तुमच्या बाबांसाठी मला सुचतो तो तोडगा डाव्या मनगटाचा. डॉक्टर रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहतात म्हणून उजवं मनगट त्यांच्या सोयीचं, पण डाव्यातूनही करतात. "बाबा शेतकरी आहेत, उजवा हात कामाचा आहे, डाव्यातून जमेल का?" असं आधीच्या भेटीतच विचारा, टेबलावर गेल्यावर नको. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्टही दाखवा. किडनी खराब असेल आणि पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल, तर हाताच्या रक्तवाहिन्या फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडतात ती जागा) राखून ठेवतात आणि मग जांघच योग्य ठरू शकते. बायपास झालेली असेल तर तेही सांगा, त्यावर बाजू ठरते.

आणि बाबांना आधीच कल्पना द्या की मनगटातून नळी पुढे गेली नाही तर ऐनवेळी जांघेतून करावं लागतं. रायव्हलमध्ये शंभरात सात-आठ जणांच्या बाबतीत असं झालं होतं. हे माहीत नसलं की माणूस टेबलावर घाबरतो, त्याला वाटतं काहीतरी बिघडलं. छातीत दुखून अटॅकच आला असेल तेव्हा मात्र हात-पाय हा वाद घालत बसू नका. जिथून लवकर होईल तिथून डॉक्टरांना करू द्या.

मनगटातून झालं तर आठवडाभर त्या हाताने बादली, फवारणीचा पंप, मोटरसायकल काही नको. उठताना त्या हातावर भार द्यायचा नाही. वेचणीला बाबा कधी जाऊ शकतील हे सुटी होतानाच डॉक्टरांना विचारा, आणि ते बाबांच्या कानावर त्यांच्याच तोंडून पडू द्या. नागपूरहून परतताना गाडीत त्यांच्या शेजारी कुणीतरी बसा. मनगटातून रक्त आलं तर जागेवर अंगठ्याने घट्ट दाबायचं आणि हात उंच धरायचा. जांघेतून आलं तर गाडी थांबवून आडवं करायचं, जोर लावून दाबून धरायचं आणि 108 ला फोन करायचा.