‘विराणी’चा ‘विराण’शी काडीचाही संबंध नाही

प्रश्न असा आहे: ‘विराणी’ या गीतप्रकाराचं नाव ‘विराण’, म्हणजे ओसाड, या शब्दावरून पडलं का? आणि ज्ञानदेवांच्या ‘घनु वाजे घुणघुणा’ या विराणीत चंदन लावूनही अंग पोळतं, त्यातलं प्रतीक कसं वाचायचं?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात देतो: नाही. गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदक हल्ली सर्रास ‘विराणी म्हणजे विराण झालेल्या मनाचं गाणं’ असं ठोकून देतात, आणि श्रोते माना डोलावतात. ‘वीरान’ हा फारसी शब्द. ज्ञानदेवांनी समाधी घेतली १२९६ साली, आणि देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी झाली तीही १२९६ सालीच. फारसी शब्दांचा लोंढा मराठीत आला तो त्यानंतर. ज्ञानदेवांच्या नावावरच्या गाथेतले सगळे अभंग त्यांचेच का, हा वाद जुना आहे, पण त्यानं व्युत्पत्ती बदलत नाही. विराणी म्हणजे विरहिणी, विरहानं पोळलेल्या स्त्रीचं गाणं. मधला ‘ह’ गळाला, जसा ‘बहीण’चा बोलताना ‘बैण’ होतो. शंका असेल तर अनेकवचन करून पाहा. ‘ज्ञानदेवांच्या विराण्या’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘ओसाडपणे’ असं कोणी म्हणेल का?

‘विरह’ शब्दात ‘रह्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ सोडणं, टाकून जाणं. ‘रहस्य’ही याच मुळाचं: रहस् म्हणजे एकान्त, आणि एकान्तात बोलायचं ते रहस्य. म्हणजे विराणीतली स्त्री ओसाड नाही, टाकून दिलेली आहे. ओसाड जागा कोणाची वाट पाहत नाही. विराणी पहिल्या ओळीपासून वाटच पाहत असते: ‘वेगीं भेटवा’. ‘विराण’ अर्थ घेतला की नेमकी ही घाई हरवते आणि गायकही रडका सूर लावून बसतो. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ हे असंच फसतं. आज कावळा म्हटलं की पिंड आठवतो, म्हणून लोक त्यात मृत्यूची चाहूल शोधतात. त्या ओळीतला कावळा पाहुणा येणार असल्याचा शकुन सांगतो आहे. तो सोन्यानं पाय मढवून घ्यायच्या लायकीचा आहे, हे पुढच्याच ओळीत लिहिलंय. दुसरी ओळ वाचायची तसदी घ्यावी.

आता चंदन. चंदन, चांदणं, चाफा, फुलांची शेज ही सजावट नव्हे, ही औषधांची यादी आहे. संस्कृत काव्यात विरहाचा ‘दाह’ होतो आणि त्यावर शीतोपचार करतात: चंदनाचा लेप, वाळ्याची उटी, कमळाची पानं, मृणाल म्हणजे कमळाचे देठ, चंद्रकिरण. कालिदासाच्या ‘शाकुन्तला’च्या तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला प्रियंवदा शकुंतलेसाठी वाळ्याची उटी आणि देठांसकट कमळाची पानं घेऊन चाललेली असते, ती याचसाठी. विराणी हीच यादी घेते आणि उलटी करते: ‘चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी’. शीतळ शेजही आगीसारखी पोळते. म्हणून दुःखाच्या गाण्यात आधी औषध कोणतं सांगितलंय ते पाहावं, मग ते लागू पडतं की उलटतं ते पाहावं. औषध उलटलं तर रोग शरीराचा नाही, असं कवी सांगतो आहे. नुसतं ‘चंदन म्हणजे पावित्र्य’ असं लिहून मोकळं होणारे हे पाहतच नाहीत.

चंदनाचं मूळ द्राविडी, तमिळ ‘चान्दु’ म्हणजे लेप, असं सांगणाऱ्यांची पत्रं येतीलच. त्यांचं बरोबरही असेल. पण धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, ‘चदि आह्लादने’ (आनंद देणं) म्हणतो, आणि परंपरेनं चंद्र नि चंदन दोन्ही त्याच धातूत बसवले. ‘चांदवो वो चांदणे चापे वो चंदनु’ ही ओळ रचणाऱ्याच्या कानात परंपरा वाजत होती, भाषाशास्त्राचा कोश नव्हे.

खरी गंमत मात्र दुःख संपण्याच्या क्रियापदात आहे. मराठीत जीव बरा होत नाही, ‘निवतो’. डोळे निवतात, काळीज निवतं, उकळलेलं पाणीही निवतं. काही जण हे क्रियापद ‘निवृत्त’ला नेऊन जोडतात, कारण ऐकायला बरं वाटतं. त्यातला ‘ऋत्त’ कुठे गेला, हे मात्र सांगत नाहीत. निवणे आलं आहे ‘निर्वा’पासून, प्राकृत ‘णिव्वाइ’मार्गे. र्व चा व्व, आणि व्व चा व. चर्वणाचं ‘चावणे’ झालं तसंच. आणि निर्वा हे निर्वाणाचंच मूळ! ‘वा’ म्हणजे वाहणं, आणि ‘निर्वा’ म्हणजे फुंकर लागून विझावं तसं विझणं. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘निर्वाणोऽवाते’ (८.२.५०): वाऱ्याबद्दल बोलायचं असेल तर ‘निर्वात’, एरवी ‘निर्वाण’. काशिकेनं, म्हणजे पाणिनीवरच्या जुन्या टीकेनं, त्याला उदाहरणं दिली ती विझलेला अग्नी, विझलेला दिवा आणि शांत झालेला भिक्षू. मराठीनं त्या रांगेत गरम पाण्याचं भांडं आणून ठेवलं. निर्वाणाला इतकं घरगुती करून वापरणं मला तरी फार थोर वाटतं.

म्हणूनच ‘मन निवळलं’ आणि ‘मन निवलं’ यांची सरमिसळ खपवून घेऊ नये. निवळतं ते गढूळ पाणी. निवळीची बी भांड्याला आतून घासली की गाळ तळाशी बसतो, म्हणजे गाळ असतोच, फक्त हलत नाही. निवतं ते तापलेलं. त्यामुळे गोंधळ शमला असेल तर मन निवळतं आणि आग शमली असेल तर मन निवतं. गीतकाराला यातलं काय म्हणायचंय हे आधीच्या प्रतिमेवरून ठरतं. आधी वणवा असेल आणि शेवटी निवळलं असेल, तर गीतकार झोपला होता.

‘व्रणा’चंही तेच. प्राचीन वैद्य सुश्रुताचा व्रण म्हणजे उघडी जखम, मराठीतला व्रण म्हणजे बरी झाल्यावर उरलेली खूण. ‘व्रण भरला’ हे संस्कृताच्या हिशेबानं बरोबर, मराठीच्या हिशेबानं हास्यास्पद. खपली ‘धरली’ म्हणजे जखम बरी झाली असंही नव्हे. जखम आतून भरते, खपली वरून धरते, आणि कवी बहुधा याच फरकावर कडवं बेतत असतो.

मूळ विराणीकडे यायचं तर, तिच्यात ‘निवणे’ येतच नाही. पोळणाऱ्या शेजेबद्दल ती म्हणते, ‘वेगीं विझवा गा’. मग कोकिळांना गप्प करा म्हणते, म्हणजे आणखी एक औषध नाकारते. आणि शेवटी आरशात पाहिलं तर स्वतःचं रूपच दिसत नाही. टीकाकार इथे ‘अद्वैत’ असा शिक्का मारून पुढे जातात. माझं म्हणणं, आग विझली ती इथे. लेप, फुलं, चांदणं यांपैकी कशानंही ती विझली नाही. जळणारीच आरशात उरली नाही, तेव्हा जळायचं काय राहिलं? हे वाचन मान्य नसेल त्यांनी विझवायला सांगितलेल्या आगीचं पुढे काय होतं, ते त्याच अभंगातून दाखवावं.

आणि कार्यक्रमपत्रिकेवर छापणाऱ्यांनी, अर्थ सांगायचाच झाला, तर ‘विराणी’पुढे कंसात ‘विरहिणी’ लिहावं.