उत्तर : रात्रीचं जेवण पाकिटातलंच असेल तर

"रात्री साडेनऊला खोलीवर येतो, एकच इंडक्शन शेगडी, आठवड्यातले चार दिवस नूडल्स नाहीतर कपातला उपमा; हे बंद कसं करू?" असं विचारलंयत. बंद करू नका. मीही सहा वर्षं असंच खाल्लंय. दर सोमवारी 'आजपासून पोळी-भाजी' ठरवायचं आणि बुधवारी पुन्हा पाकीट फोडायचं.

पाकिटाला नावं ठेवून पोट भरत नाही. त्यात काय जास्त आहे नि काय नाही, एवढं बघा.

जास्त असतं मीठ. मागे सोडियमचा आकडा असतो, बहुतेकदा १०० ग्रॅमला. समजा १००० मिलिग्रॅम लिहिलंय आणि पाकीट ७० ग्रॅमचं आहे, तर पोटात गेलं ७००. त्याला अडीचने गुणा, पावणेदोन ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. भुकेपोटी दोन पाकिटं केलीत की साडेतीन ग्रॅम तिथेच. (मी केलीयेत. वर लोणचं.) म्हणून मसाल्याची पुडी अर्धीच घाला. चार दिवस सपक लागेल. लिंबू पिळा, हिरवी मिरची चिरून टाका.

नसतात ती प्रथिनं आणि चोथा. फ्रीज असेल तर गोठवलेले मटार आणून ठेवा. ते गरम पाण्यातून काढून लगेच गोठवतात, त्यामुळे सत्त्व फारसं जात नाही. आधी पाण्यात दोन मुठी मटार, मग नूडल्स, शेवटी एक अंडं फोडून. अंडं चालत नसेल तर पनीर किंवा मोड आलेले मूग. उपम्यालाही हेच.

तयार डाळ-भाजीची पाकिटं मात्र लोक उगाच 'केमिकल' म्हणून टाळतात. बंद पाकीटच साधारण १२१ अंशांना तापवतात, म्हणून ते टिकतं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी या तंत्रावर बरंच काम केलंय. त्यातही तेल-मीठ असतंच, तेव्हा अर्धं पाकीट, बिनमिठाचा भात आणि वाटीभर दही. उरलेलं अर्धं डब्यात काढून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचं.

घरी गेलात की थालीपिठाची भाजणी घेऊन या. कांदा घालून भिजवली की दहा मिनिटांत थालीपीठ, आणि मीठ तुमच्या हातात.

संध्याकाळी पाच-सहाला काय खाता ते लिहिलं नाहीत. बॅगेत फुटाणे ठेवा. साडेनऊला पोटात कावळे ओरडत नसले, तर दुसरं पाकीट फोडलं जात नाही.