मित्राला पहिलं पत्र लिहिताना

लिहायचं मनावर घेतलंत, बरं झालं. अक्षर वाईट आहे म्हणून अडू नका. मित्राला ते ठाऊकच असतं.

नवखे हमखास अडकतात ते मायन्यात. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष', 'पत्रास कारण की' हे शाळेच्या वहीत शोभतं. जिवलग मित्राला 'प्रिय' आणि एरवी ज्या नावाने हाक मारता ते नाव पुरे. कोपऱ्यात गाव आणि तारीख मात्र टाकाच.

दुसरी चूक म्हणजे बातमीपत्र लिहिणं. 'नोकरी बरी चाललीय, पाऊस छान आहे' यातून त्याला काय कळणार? एकच गोष्ट धरा आणि ऐसपैस सांगा: 'खोलीचं छत गळतंय. उशाशी बादली ठेवून झोपतो. ती भरत आली की थेंबांचा आवाज बदलतो आणि मला जाग येते.' हे वाचून तो आधी हसेल, मग उत्तर लिहील.

बाकी एवढं सांभाळा:

- त्याच्या मागच्या पत्रातलं किंवा फोनवरचं काहीतरी धरून विचारा. नुसत्या 'कसा आहेस?'ला 'मजेत' एवढंच उत्तर येतं.
- काही राहिलं तर खाली 'ता. क.' घाला. अख्खं पत्र पुन्हा उतरवत बसू नका, त्यात ते शिळं होतं.
- निळ्या आंतरदेशीय पत्रात फोटो वगैरे घालायला परवानगी नाही. त्यासाठी पाकीट घ्या.

पिनकोड 1972 पासून आहे, तरी लोक विसरतात. पूर्ण 6 आकडे लिहा, मागे स्वतःचाही पत्ता. शाई-कागदाचे चोचले नंतर बघू.