समोरच्या वाऱ्यासाठी ओव्हरस्टेबल मिडरेंज डिस्क कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर डिस्क गोल्फ (तबकडी फेकून बास्केटमध्ये, म्हणजे साखळ्यांच्या टोपलीत, टाकायचा खेळ) खेळताय, उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकता, तुमची बझ ही मिडरेंज, म्हणजे मध्यम अंतराची डिस्क साधारण ७० मीटर जाते. पण समोरून वारा असला की ती उजवीकडे कलते आणि परत येतच नाही. गेटर, रॉक ३ आणि जस्टिस या तीन ओव्हरस्टेबल (वेगातही सहसा उजवीकडे न कलणाऱ्या, शेवटी डावीकडे वळणाऱ्या) डिस्कमध्ये अडकलात. शिवाय वजन १७० ग्रॅम घ्यावं की १८०, तेही ठरत नाहीये.

आधी उत्तर देऊन टाकतो. रॉक ३ घ्या, प्रीमियम (जास्त टिकाऊ) प्लास्टिकमधली, १७५ ग्रॅमच्या पुढची. फोरहँड (तळहात पुढे ठेवून, मनगटाच्या झटक्याने) बऱ्यापैकी फेकत असाल तर गेटर. जस्टिस सध्या नको, म्हणजे ७० मीटरच्या हाताला नको. आता कारणं सांगतो, कारण नुसतं नाव ऐकून घेतलेली डिस्क पिशवीत पडून राहते. माझीही राहिली होती.

पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमची बझ हातात घ्या आणि रिमच्या कडेवरून नख फिरवा. झाडांवर आपटून कडेला खाचा पडल्या असतील, प्लास्टिक सोलल्यासारखं लागत असेल, तर ती बझ आता विकत घेतली तेव्हाची बझ नाही. मार खाल्लेली डिस्क हळूहळू अंडरस्टेबल, म्हणजे सहज उजवीकडे कलणारी, होत जाते, आणि साध्या बेस प्लास्टिकमध्ये हे फार लवकर होतं. अशा वेळी तुम्हाला ओव्हरस्टेबल डिस्क नाही, नवी बझ हवी असते. दुसरं, एखाद्या मित्राला मागे उभं करा आणि हातातून सुटल्यावर डिस्क थरथरते का ते बघायला सांगा. सुटताना मनगट वळलं की डिस्क पहिले आठ-दहा मीटर डगमगत जाते, आणि डगमगणारी सरळ डिस्क वाऱ्यात उजवीकडेच पडते. ओव्हरस्टेबल डिस्क हा दोष झाकते, बरा करत नाही.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर पुढे चला.

समोरच्या वाऱ्यात नेमकं काय होतं हे एकदा कळलं की निवड निम्मी सोपी होते. तुमची मिडरेंज ताशी ८० किमी वेगाने सुटली आणि समोरून ताशी २० किमीचा वारा असला, तर डिस्कच्या अंगाला लागणारी हवा ताशी १०० किमीची असते. म्हणजे तुम्ही जोर वाढवलेला नाही, पण डिस्क मात्र जास्त जोराने फेकल्यासारखी वागते. वेगात असताना हवेची उचल डिस्कच्या मध्याच्या किंचित मागे लागते आणि पुढची कड खाली दाबली जाते. डिस्क फिरत नसती तर ती नाकावर आपटली असती. पण ती भोवऱ्यासारखी फिरतेय, आणि फिरणाऱ्या वस्तूवर जोर लागला की परिणाम पाव फेऱ्याने पुढे सरकून दिसतो. म्हणून नाक खाली जाण्याऐवजी डिस्क उजवीकडे कलते. हाच टर्न. पुढे वेग कमी झाला की उचलीचा बिंदू मध्याच्या पुढे सरकतो, पुढची कड वर ढकलली जाते, आणि त्याच कारणाने डिस्क डावीकडे कलते. हा फेड. (डावखुऱ्यांसाठी आणि फोरहँडसाठी दिशा उलट्या धरायच्या.)

ओव्हरस्टेबल डिस्कची घडण अशी असते की वेगातही ती उचल सहजासहजी मागे जात नाही. रिमची कड जिथे पंखासारखी निमुळती होते ती रेघ जरा वर असते, माथा बहुतेक वेळा चपटा असतो, आणि काही डिस्कच्या खालच्या कडेला बीड असते. बीड म्हणजे रिमच्या तळाशी बोटाला लागणारी बारीक वरंबी. रॉकला आणि गेटरला ती आहे, तुमच्या बझला नाही. पहिल्यांदा हातात घेतल्यावर बीड खुपते. तर्जनी रिमच्या आत दाबून धरली की ती वरंबी बोटाच्या मधल्या पेराखाली येते आणि पकड परकी वाटते. काही जणांना ती कधीच मानवत नाही. म्हणून शक्य असेल तर डिस्क हातात धरून, पूर्ण पकड घेऊन, हात दोन-चार वेळा मागे-पुढे करून बघितल्याशिवाय घेऊ नका. आकड्यांत कितीही चांगली असली तरी सुटताना बोट बिचकलं तर ती डिस्क तुमची नाही.

आता आकडे. डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड (किती वेगाने फेकावी लागते), ग्लाइड (किती तरंगते), टर्न, फेड. तुमची बझ ५/४/-१/१, रॉक ३ म्हणजे ५/४/०/३, गेटर ५/२/०/३ आणि जस्टिस ५/१/०.५/४. बहुतेक लोक फक्त शेवटचा आकडा बघतात आणि मोठा दिसेल ती उचलतात. माझ्या मते ओव्हरस्टेबल मिडरेंज निवडताना दुसरा आकडा, ग्लाइड, जास्त महत्त्वाचा आहे. कारण ७० मीटर फेकणाऱ्याची खरी अडचण डिस्क डावीकडे न येणं ही क्वचितच असते. ती आधीच खाली बसणं ही असते. रॉक ३ आणि गेटर दोघींचा फेड ३ आहे, पण बझएवढं ग्लाइड असलेली रॉक ३ तुमच्या हातून साठ-पासष्ट मीटर जाईल, तर गेटर त्याच्या आधीच जमीन शोधेल. जस्टिसचं ग्लाइड १ आहे. ती बनलीच आहे जोराचा वारा, जोराचा हात आणि मुद्दाम घसरवत नेण्याच्या फेकीसाठी.

एक सावधगिरी. हे आकडे उत्पादक स्वतः देतात. पीडीजीए, म्हणजे डिस्क गोल्फची व्यावसायिक संघटना, डिस्कला मान्यता देते ती आकार, वजन, रिम अशा मोजता येणाऱ्या गोष्टी बघून. डिस्क कशी उडते हे ती तपासत नाही. त्यामुळे एका कंपनीचा फेड ३ आणि दुसऱ्या कंपनीचा फेड ३ एकच असेल असं धरू नका. एकाच कंपनीच्या दोन डिस्कची तुलना मात्र बऱ्यापैकी करता येते.

माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो. खेळायला लागून वर्ष झालं होतं आणि माझीही तक्रार तुमच्यासारखीच होती. मी फेड ४ लिहिलेली, दगडासारखी ओव्हरस्टेबल मिडरेंज घेतली. वाऱ्यात ती उजवीकडे गेली नाही हे खरं. पण वारा नसताना चाळीस मीटरवरच डावीकडे कोसळायची. ती सरळ जावी म्हणून मी नकळत प्रत्येक फेक उजवीकडे कलवून, म्हणजे अ‍ॅनहायझरने सोडायला लागलो. दोन-तीन महिन्यांत ती सवय अंगात मुरली, आणि मग सरळ जाणाऱ्या डिस्क हातात घेतल्या की त्या उजवीकडे जाऊन पडायला लागल्या. ती सवय मोडायला जेवढा वेळ लागला तेवढा ती लागायलाही लागला नव्हता. म्हणून जस्टिसबद्दल मी एवढं ठाम सांगतोय. डिस्क उत्तम आहे, तुमचा हात ८०-८५ मीटरला पोचला की जरूर घ्या.

कोणाकडून उसनी मिळाली तर मोकळ्या मैदानात ही एक परीक्षा घ्या. डिस्क सपाट फेकू नका, सपाट फेकीत सगळ्याच ओव्हरस्टेबल डिस्क सारख्या वाटतात. उजवी कड किंचित खाली ठेवून, हलक्या अ‍ॅनहायझरने, नेहमीच्या जोराने सोडा आणि ती त्या कलातून कुठे बाहेर येते ते बघा. बझ तो कल धरून ठेवेल आणि बहुधा तशीच जमिनीला लागेल. तुमच्या हाताला योग्य असलेली ओव्हरस्टेबल डिस्क आधी उजवीकडे सरकेल, दोन तृतीयांश अंतर गेल्यावर सपाट होईल आणि शेवटच्या टप्प्यात डावीकडे उतरेल. हवेत ओढून काढलेला S दिसेल. हातातून सुटताक्षणी ती सरळ होऊन डावीकडे धावत सुटली, तर तुमच्यासाठी ती फार ओव्हरस्टेबल आहे, मग तिच्यावर आकडे काहीही असोत. अशा दहा फेकी करा, दोन-तीनवर निकाल देऊ नका.

मग हीच डिस्क घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. इथे पहिले काही दिवस मन मानत नाही. समजा बास्केट ५५ मीटरवर आहे, उजव्या हाताला पाणी आहे, वारा सरळ तोंडावर येतोय. बझ घेऊन तुम्ही डावीकडे नेम धरता, तिला भरपूर हायझर देता, म्हणजे डावी कड खाली कलवून सोडता, आणि ती पाण्याकडे जाऊ नये म्हणून श्वास रोखता. रॉक ३ घेऊन नेम बास्केटच्या किंचित उजवीकडे, म्हणजे पाण्याच्याच बाजूला धरायचा, छातीच्या उंचीवरून सपाट सोडायची, नाक खाली ठेवायचं, आणि जोर अजिबात वाढवायचा नाही. वाऱ्यात डिस्क सरळ जाते, वेग उतरला की डावीकडे वळते आणि बास्केटच्या बाजूला बसते. पहिल्या चार-पाच वेळा तुम्ही आधीच डावीकडे नेम धराल आणि दहा मीटर डावीकडे पडाल. पाण्याच्या बाजूला नेम धरायला मन धजावलं की ती डिस्क तुमची झाली.

उंच फेकू नका एवढं मात्र पाळा. समोरच्या वाऱ्यात नाक वर असलेली कुठलीही डिस्क फुग्यासारखी वर जाते आणि मग मागे येते.

इतर वाऱ्यांतही ही डिस्क ओळखून ठेवा. पाठीमागून वारा असेल तर ती पिशवीतच राहू द्या. डिस्कला लागणारी हवा कमी होते, फेड लवकर सुरू होतो आणि ती खाली दाबली जाते. उजवीकडून वारा असेल तर जास्त जपून. फेडमध्ये डावी कड खाली गेली की डिस्कचं पोट उजवीकडे उघडं पडतं, वारा त्याखाली शिरतो आणि तिला डावीकडे लांबवर नेतो. डावीकडून वारा असेल तर तो माथ्यावर बसून तिला खाली दाबतो, त्यामुळे अंतर कमी धरा.

गेटर कोणासाठी? फोरहँडवाल्यांसाठी. मनगटाच्या झटक्याने फेकताना डिस्क हमखास थोडी थरथरते, आणि ती थरथर गेटर पचवते. शिवाय ग्लाइड कमी असल्याने ती बास्केटच्या पलीकडे वाहत जात नाही, बास्केटजवळ पोचवण्याच्या ४०-५० मीटरच्या अ‍ॅप्रोचला हे फार कामाचं आहे. पण तेवढंच काम हवं असेल तर मिडरेंजचा हट्ट सोडून डिस्क्राफ्ट कंपनीची झोनही बघा, ४/३/०/३ आहे. अनेक जण तिला पुटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) म्हणून घेतात आणि वापरतात मात्र ओव्हरस्टेबल मिडरेंजसारखी.

प्लास्टिकबद्दल. प्रीमियम प्लास्टिक मार सहन करतं आणि त्याच साच्यातली डिस्क त्यात साधारण जास्त ओव्हरस्टेबल निघते. तुम्हाला वर्षानुवर्षं एकसारखी वागणारी डिस्क हवी आहे, म्हणून प्रीमियम. बेस प्लास्टिकमधल्या रॉकचा वेगळाच आनंद आहे. मूळ रॉक १९८७ पासून आहे, आणि जुने खेळाडू तीन-चार रॉक सोबत बाळगतात: एक नवी कोरी, एक अर्धी मुरलेली, एक पार झिजलेली. साचा एकच, पकड एकच, आणि उड्डाणं तीन. तो मार्ग मला मनापासून आवडतो, पण त्याला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात.

एकाच नावाच्या दोन डिस्कमध्येही फरक असतो. समोर चार-पाच रॉक ३ असतील तर त्या डोळ्यांच्या पातळीवर आडव्या धरून माथे बघा. सगळ्यांत चपटी असेल ती घ्या. फुगीर माथ्याची जास्त तरंगेल, पण वाऱ्यात भरवसा कमी.

राहिलं वजन. नियमाने डिस्कच्या व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमच वजन चालतं. मिडरेंजचा व्यास २१.७ सेंमीच्या आसपास असतो, म्हणून ती १८० ग्रॅमवर अडते. १७० ग्रॅमची वारा नसताना थोडी जास्त जाईलही, पण तुम्ही ही डिस्क वाऱ्यासाठीच घेताय आणि हलकी डिस्क वारा उचलतो. १७५ ते १८० मध्ये जी मिळेल ती घ्या, त्या पाच ग्रॅमवरून अडून बसू नका. रंग मात्र गवतात उठून दिसणारा घ्या, गुलाबी किंवा नारिंगी. ओव्हरस्टेबल डिस्क जमिनीला लागल्यावर बऱ्याचदा डावीकडे घसरत जाते आणि जिथे पडताना दिसली त्याच्या बरीच पलीकडे सापडते.