वाचकांचे प्रश्न : बागेचा पंप भावकीत फिरतो तेव्हा

प्रश्न : कासेगाव शिवारात (ता. पंढरपूर) आमची द्राक्षं आणि डाळिंब आहे. थोरले चुलत बंधू, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, शेजारीच ऊस करतात. पाठीवरचा बॅटरी पंप आणि रोटाव्हेटर ते हक्कानं नेतात. सांगोल्याचे दाजी छाटणीच्या कात्र्या नेतात. फळछाटणीनंतर आण्णांकडून आलेला पंप आम्ही पाण्यानं धुऊन वापरला, तर आठवड्याभरात द्राक्षाची कोवळी पानं पंख्यासारखी आखडली. नाही म्हणावं तर घरात बोलणं होतं. कसं करावं?

उत्तर : पान अरुंद होणं, शिरा जवळजवळ समांतर धावणं, कडेचे दाते टोकदार होणं ही टू-फोर-डी या तणनाशकाची ओळखीची खूण आहे. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी ते सर्रास मारतात. द्राक्षाला मात्र ते नेहमीच्या मात्रेच्या शंभराव्या हिश्श्यानेही लागतं, आणि छाटणीनंतर फुटलेली कोवळी फूट सर्वात नाजूक असते.

तरीही आण्णांना काही बोलायच्या आधी बागेत एक फेरी मारा. आखडलेल्या वेली फक्त उसाच्या बांधाकडच्या ओळींत असतील आणि आत जाल तशा कमी होत असतील, तर ते वाऱ्यानं उडून आलेलं आहे, पंपाचा दोष नाही. त्या पंपानं जेवढ्या ओळी मारल्या तेवढ्याच सरसकट आखडल्या असतील, तर पंपातूनच आलं. दोन्हींचा उपाय वेगळा आहे. चुकीचा आरोप झाला तर पंप राहतो बाजूला आणि बोलणं बंद होतं.

नुसत्या पाण्यानं पंप का सुटत नाही? औषध टाकीत कमी आणि रबरी नळी, वॉशर, गाळणी यांत जास्त मुरतं. पुढच्या फवारणीत ते थोडं थोडं सुटत राहतं. धुवायचाच तर असा धुवा : टाकी रिकामी करून तीन वेळा स्वच्छ पाणी भरा आणि दर वेळी ते नळी-नोझलमधून बाहेर काढा. मग १६ लिटर पाण्यात १६० मिली घरगुती साफसफाईचा अमोनिया टाका, थोडं नोझलपर्यंत ओढून घ्या आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ते फवारून काढा, नोझल-गाळणी सोडवून वेगळी धुवा, पुन्हा दोनदा साधं पाणी फिरवा. हे धुवण विहिरीजवळ, पाटात किंवा बागेत सांडू नका. औषध पाण्यात टाकल्यावर दुधाळ होत असेल तर ते एस्टर प्रकारातलं, तेलात विरघळणारं असतं. त्याला आधी रॉकेल किंवा डिझेल फिरवावं लागतं, नंतर साबणाचं पाणी. खात्री करायची तर धुतलेल्या पंपात साधं पाणी रात्रभर ठेवून टोमॅटोच्या चार-दोन रोपांवर मारा. चार-पाच दिवसांत देठ पिळवटले तर पंप स्वच्छ झालेला नाही.

एवढं करूनही तणनाशकाचा पंप द्राक्षात नेऊ नये, असंच आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून तणनाशकासाठी साधा, हातानं दांडा मारायचा एक वेगळा पंप घ्या. त्याला कट नोझल, म्हणजे पंख्यासारखा चपटा फवारा देणारं नोझल, बसवा. तणनाशकाला तेच लागतं. टाकीवर तांबड्या ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात ‘तण’ लिहा आणि तो बागेच्या औषधांच्या खोलीत ठेवू नका. मग आण्णांना नाही म्हणायची वेळच येत नाही : “आण्णा, बॅटरीचा पंप बागेचा आहे, तो बाहेर जात नाही. तणाला हा ठेवलाय, कधीही न्या.” हे बोलणं ते कॅन घेऊन दारात उभे असताना काढू नका. छाटणीच्या महिनाभर आधी, सगळे बसलेले असताना काढा, आणि आखडलेलं पान हातात देऊन दाखवा. आण्णा शेतकरीच आहेत, पान त्यांना कळतं.

बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती घरच्याच माणसांवर. तुम्ही नाही म्हणता आणि तुमच्या माघारी सालगडी किंवा मुलगा पंप काढून देतो. त्यांची चूक नसते, भावकीतल्या थोरल्याला ते काय नाही म्हणणार? त्या खोलीला कुलूप घाला, किल्ली एकाकडेच ठेवा.

दाजींच्या कात्र्यांचं कारण वेगळं, पण तितकंच मोठं. डाळिंबाचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे आणि तो कात्रीच्या पात्यावरून एका झाडाचा दुसऱ्यावर, एका बागेचा दुसऱ्या बागेत जातो. बाजारात मिळणारं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २०० मिली घेऊन त्यात ८०० मिली पाणी घाला, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण होतं. प्रत्येक झाडानंतर पाती त्यात बुडवा. ऊन आणि चिकाच्या घाणीनं त्याचा जोर उतरतो, म्हणून दुपारी नवं करा. त्यानं पोलाद गंजतं, तेव्हा संध्याकाळी कात्री साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवा. आणि हायपोक्लोराइट व वरचा अमोनिया एका भांड्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. दाजींना त्यांची स्वतःची चांगली कात्री घेऊन द्या. एका बागेत तेल्या शिरला तर जाणाऱ्या मालापुढे तिची किंमत काहीच नाही.

रोटाव्हेटर द्यायला हरकत नाही, पण आपलाच ड्रायव्हर, डिझेल त्यांचं आणि पाळी आपलं आटोपल्यावर. पावसानंतर वाफसा सगळ्यांनाच एकदम येतो, त्यामुळे ‘आधी कोण’ हे जूनच्या आधीच ठरवा. परत निघताना पात्यांची माती त्यांच्याच रानात धुऊन यायची. डाळिंबातल्या मर रोगाची बुरशी मातीबरोबर येते. जमिनीत पाती फिरत असताना ट्रॅक्टर वळवला तर गिअरबॉक्स आणि शाफ्टवर ताण येतो, हे परक्या ड्रायव्हरला सांगून लक्षात राहत नाही. म्हणून ड्रायव्हर आपला.

शिडी, क्रेट, ताडपत्री खुशाल द्या. डाळिंबाच्या बागेतले क्रेट तेवढे धुऊन घ्या.

प्रश्न : सोलापुरात घरी शाळेचे गणवेश शिवते. नणंदबाई ओव्हरलॉक मशीन ‘दोन दिवस’ म्हणून नेतात आणि परत आल्यावर टाके सुटतात. ऐन हंगामात काम अडतं.

उत्तर : मशीन हलवणं हेच दुखणं आहे. डोकं तिरकं झालं की तेल सांडतं आणि मशीन कोरडं पळतं. बहुतेक औद्योगिक ओव्हरलॉकला तेलाची काच असते, पातळी तिच्यावरच्या दोन रेघांच्या मध्ये हवी. दुसरं, बारीक सुईवर जाड कापड घातलं की सुई वाकते, लूपरला (खालून दोऱ्याचा फास टाकणाऱ्या आकड्याला) घासते आणि लूपरचं टोक बोथट होतं. टाके सुटतात ते बहुधा यामुळे. सुई बदलूनही सुटत असतील तर मेकॅनिककडून लूपर तपासा. टेन्शनच्या चकत्या त्याआधी फिरवत बसू नका.

नणंदबाईंना सांगा, “मशीन जागचं हलणार नाही, तुम्ही इकडे या.” दुपारचे दोन तास त्यांचे. दोरा त्यांचा, सुई त्यांची, आणि सुरुवात चिंधीवर. मार्चपासून शाळा उघडेपर्यंत तेही नको. त्या काळात त्यांनी कापलेले तुकडे आणून द्यावेत, तुम्ही नगावर ओव्हरलॉक करून द्या. नातं आहे म्हणून दर कमी लावा, पण लावा.

प्रश्न : मोडून आलेल्या वस्तूची भरपाई नातेवाइकांकडे मागावी का?

उत्तर : झिजलेल्याची मागू नये, मोडलेल्याची मागावी. रोटाव्हेटरचं पातं झिजलं तर ते तुमचं, दगडावर वाकलं तर नेणाऱ्याचं. वस्तू परत येईल त्याच वेळी त्यांच्यादेखत पाहून घ्या. आठ दिवसांनी काढलेला विषय भांडण होतो. पैसे हातात मागण्यापेक्षा वाकलेलं पातं घेऊन दोघांनी मिळून दुकानात जा, बिल त्यांना देऊ द्या.