स्लॅबच्या आधीची उचल आणि विमा नसलेले बांधकाम

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी ३८ वर्षांचा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. पिरनवाडीत १,४०० चौरस फुटांचे घर बांधतो आहे. बँकेने २० लाखांचे गृहकर्ज मंजूर केले आहे. काम पत्नीच्या नात्यातल्या गवंड्याला मटेरियलसह चौरस फुटाला १,७०० रुपये दराने दिले. परवाना आणि विमा असलेल्या दुसऱ्या ठेकेदाराचा दर १,९०० होता. घरचाच माणूस असल्याने लेखी करार केला नाही. प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, काम झाले असून सात लाख रोख दिले आहेत. मिरगाच्या आधी स्लॅब ओतायचा, म्हणून तो आणखी साडेतीन लाख मागतो. बँकेचा पुढचा हप्ता मात्र स्लॅबनंतरच मिळेल. माझी सहा लाखांची मुदत ठेव ७ टक्क्यांची आहे. ती मोडावी, की १३ टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे? विम्याची काळजी नाही. बँकेने कर्जाबरोबरच १ लाख २० हजारांच्या हप्त्याची पॉलिसी काढून दिली आहे. ती हाती येऊन दोन आठवडे झाले.

उत्तर:

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींचे आहे. साडेतीन लाखांवर ठेव वर्षाला साडेचोवीस हजार देते आणि कर्ज सुमारे पंचेचाळीस हजार घेते, म्हणून या दोनांतून निवडायचेच असेल तर ठेव मोडावी. परंतु माझ्या मते आज यांपैकी काहीच करू नये, कारण हे पैसे अजून देणेच लागत नाहीत.

तुमच्या घराचा ठरलेला खर्च २३ लाख ८० हजार आहे. पाया आणि प्लिंथ हे एकूण खर्चाच्या साधारण सहाव्या भागाचे काम, म्हणजे चार लाखांचे. तुम्ही सात लाख दिले आहेत, तीन लाख आताच कामाच्या पुढे गेले आहेत. आणखी साडेतीन दिलेत तर साडेसहा लाख अशा माणसाकडे असतील, ज्याच्याशी करार नाही, ज्याची पावती नाही आणि ज्याने उद्या काम अर्धवट सोडले तर दाद मागायला तुमच्या हाती एक कागदही नाही. बँक काम पाहून हप्ता सोडते, तेव्हा तिचा इंजिनिअर जागेवर येऊन जातो. तुम्ही स्वतःच्या पैशाला तेवढीही शिस्त लावलेली नाही. शिवाय एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होतो. नात्यातल्या माणसाला तुम्ही त्याही अडचणीत टाकले आहे.

आता विम्याकडे येतो. तुमच्या पत्रातले मला सर्वाधिक अस्वस्थ करणारे वाक्य तेच आहे. बँकेने दिलेली पॉलिसी तुमच्या आयुष्याची आहे. तुमचा मृत्यू झाला तर तिच्यातून उरलेले कर्ज फिटेल, एवढेच. सेंट्रिंग कोसळले, मजूर परांचीवरून पडला, शेजाऱ्याच्या भिंतीला तडा गेला, तर ती एक रुपयाही देणार नाही. विम्याच्या हप्त्याची रक्कम कर्जातच मिळवली असेल, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्या १ लाख २० हजारांचे अडीच लाख होतील. गृहकर्जाच्या टेबलावर, सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवून अशी पॉलिसी विकणे आणि ग्राहकाला घराचा विमा झाला असे वाटू देणे, हा प्रकार मी अनेक वर्षे पाहतो आहे आणि तो मला अजिबात मान्य नाही. निर्व्यसनी अडतिशीच्या माणसाला पन्नास लाखांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, वर्षाला साधारण दहा-बारा हजारांत मिळतो. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे वजा होऊन बाकीचे परत मिळतात. आधी टर्म विमा लागू करून घ्या, मग लेखी अर्जाने ही पॉलिसी परत करा आणि अर्जाची पोच घ्या.

मजुरांचा प्रश्न याहून गंभीर आहे. कामावर मजूर दगावला तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातले सूत्र असे होते: मासिक वेतनाची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. तीस वर्षांच्या माणसासाठी तो गुणांक जवळजवळ २०८ आहे. महिना पंधरा हजार वेतन धरले तर भरपाई साडेपंधरा लाखांच्या वर जाते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच सूत्र आहे. ही जबाबदारी मुळात मजुराला कामावर ठेवणाऱ्याची, परंतु ठेवणारा कोण हे कागद नसल्यास वादात पडते: मजुरी कोणी दिली, देखरेख कोणाची होती, सिमेंट-सळई कोणी आणली, हे सगळे तपासले जाते, आणि गवंड्याकडे काहीच नसेल तर दावेदाराचा वकील घरमालकाकडे वळणार. तुम्ही दोनशे रुपये दराने २ लाख ८० हजार वाचवले आणि त्या बदल्यात साडेपंधरा लाखांची जोखीम अंगावर घेतली. त्या मजुराच्या कुटुंबाच्या हाती काही पडेल की नाही, हाही प्रश्न आहेच, आणि तो मला तुमच्या जोखमीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

‘परवाना’ या शब्दाबाबतही स्पष्ट असावे. खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदाराला सक्तीचा असा एकच परवाना आपल्याकडे नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याची नोंदणी सरकारी कामांसाठी असते. तिच्यावरून माणसाची पत कळते, तुमच्या घराची हमी मिळत नाही. वायरिंगसाठी मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदारच हवा, कारण हेस्कॉम या वीज कंपनीकडे जोडणी मागताना त्याचा दाखला लागतो. आराखडा आणि स्लॅबच्या सळईची तपासणी नोंदणीकृत इंजिनिअरकडून करून घ्यावी. तो स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी जागेवर यायलाच हवा.

ठेकेदार ‘विमा आहे’ म्हणाला, तर झेरॉक्सवर विसंबू नका. पॉलिसी क्रमांक घेऊन विमा कंपनीला विचारा: मुदत कधी संपते, किती मजूर नोंदले आहेत, पत्ता तुमच्याच जागेचा आहे का. पाच मजुरांची नोंद असते आणि स्लॅबच्या दिवशी दुसऱ्या मुकादमाची पंचवीस माणसे येतात. पोटठेकेदाराची माणसे त्यात धरली आहेत का, हे आधीच लेखी घ्यावे.

तुमच्या बाबतीत गवंडी बदलावा असे मी म्हणत नाही. त्याचे काम चांगले असेलही. त्याच्याबरोबर बसून आजवरची सात लाखांची पावती घ्या आणि मुद्रांकावर करार करा. करार कन्नडमध्ये असेल तर सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम मराठीत समजून घ्या. पैसे टप्प्याने आणि बँकेतून द्यायचे, आणि पाच टक्के, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार, एक पूर्ण पावसाळा गळती न होता गेल्यावरच सोडायचे, हे त्यात असावे. मजुरांचा नुकसानभरपाई विमा त्याच्या नावाने काढावा, हप्ता हवा तर तुम्ही भरा. चालू बांधकामाचे नुकसान भरून देणारा ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ विमाही विचारा. काम सुरू झालेले असल्याने कंपनी आधी पाहणी मागेल. एवढ्याला तो तयार नसेल, तर दोनशे रुपये दर अधिक सांगणाऱ्या ठेकेदाराला पुन्हा भेटा.

स्लॅबसाठी सळई-सिमेंट लागणारच. तीन लाख आधीच पुढे गेले आहेत, त्यांतून ते आणावे. खरोखरच कमी पडले, तर ठेवीतून दुकानदाराच्या खात्यात थेट भरा आणि बिल तुमच्या नावाने घ्या. त्यासाठी ठेवीतले दीड लाखांहून अधिक काढू नका. बाकीचे घरखर्चाच्या अडीअडचणीसाठी तसेच राहू द्या. आणि हे सगळे होईपर्यंत मिरग आलाच, तर स्लॅब पावसाळ्यानंतर ओतावा.